माझा पडदा बंद नव्हता

मी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय भाषांतर, नाद वाचनाचा आणि लोकांच्या मते खोड भाषणांची, आज भरदुपारी, पोटभर जेवून आणि चष्मा पुसून लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्राच्या माथ्यावर असते आणि ते कोणी वाचत नाही. माझे मात्र वाचावे लागेल. माझ्या सख्ख्या मुलाने चार माणसांसमक्ष मी शुद्धीवर नाही असे म्हटले आहे, आणि पुरावा म्हणून माझ्या संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवले आहे.

समोर वकीलबाई बसल्या आहेत. त्या म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात राग लिहू नये, फक्त मालमत्ता लिहावी." मी त्यांना म्हटले, राग हीसुद्धा माझी मालमत्ता आहे, स्वकष्टार्जित आहे, आणि तिची विल्हेवाट लावल्याशिवाय मी जाणार नाही. त्यांनी मान डोलावली. ती संमती होती की थकवा, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

कलम पहिले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात राहते घर, शिल्लक, पुस्तके आणि कार्यालयाच्या दोन खोल्या, सर्व काही माझ्या एकुलत्या एक मुलाच्या नावे होते. ते आजपासून रद्द समजावे. त्याची प्रत कोणाकडे असल्यास ती खिडकीची फट बुजवायला वापरावी.

कलम दुसरे. राहते घर मुलालाच मिळावे. तेथे माझी तक्रार नाही. ते घर त्याच्या वडिलांनी आणि मी मिळून घेतले, आणि वडील आज भांडायला नाहीत. त्यांच्या वाट्याचे भांडण मी करणार नाही. माझ्या वाट्याचे पुढे येईल.

कलम तिसरे. बँकेतील माझी शिल्लक सूनबाईला, फक्त तिच्या एकटीच्या नावे. कारण विचारणाऱ्यांनी विचारू नये असे वकीलबाई लिहायला सांगतात, पण मी सांगणारच. सगळे घर माझ्या पडद्याबद्दल कुजबुजत होते तेव्हा ती एकटी कार्यालयात येऊन माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आई, हे चालतं कसं? मला दाखवा ना." मी दाखवले. तिने पाहिले, दोन कळा स्वतः दाबल्या, आणि म्हणाली, "मला नाही जमायचं हे. पण कळलं, तुम्हाला का आवडतं ते." एवढेच. माणसाने माणसाशी वागायची हीच रीत आहे, आणि ती या घरात बाहेरून आलेल्या मुलीला माहीत होती.

कलम चौथे. माझी पुस्तके चौकापलीकडच्या वाचनालयाला द्यावीत. मोठे शब्दकोश मात्र तेथे अध्यक्ष असलेल्या सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या हाती लागू देऊ नयेत. ते पानांचे कोपरे दुमडतात आणि वर तोंड करून विचारतात, "वापरण्यासाठीच असतात ना पुस्तकं?" शिवाय याच गृहस्थांनी वाचनालयाच्या वार्षिक सभेत अध्यक्षस्थानावरून माझे भाषण घंटी वाजवून बंद पाडले होते. माझा विषय होता, "मी माझा डेस्कटॉप का निवडला". हे म्हणाले, "बाई, हा काय विषय आहे? काहीतरी समाजाच्या उपयोगाचं बोला."

ते अर्धे राहिलेले भाषण मी येथे पूर्ण करते. घंटी आता माझ्याकडे आहे.

संगणक सुरू केला की समोर एक मेज मांडलेले दिसते. कुठे चित्रे, कुठे पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, कागद उघडले की ते कसे पसरतात, एकावर एक चढतात की शेजारी शेजारी उभे राहतात. या मांडणीला डेस्कटॉप म्हणतात, आणि कागद कोठे उभे राहतील हे ठरवणाऱ्या कारभाऱ्याला विंडो मॅनेजर. बहुतेक लोकांचे मेज कारखान्यातून मांडूनच येते. लिनक्स नावाची मोफत प्रणाली वापरणाऱ्याला मात्र ते स्वतः निवडता येते. केडीई आहे, ग्नोम आहे, एक्सएफसीई आहे, आय-थ्री आहे, आणखी पन्नास आहेत. कोणी झगमगीत, कोणी साधे, कोणी अगदी बैरागी. पैसे पडत नाहीत. परवानगी लागत नाही.

आता मला सांगा, माणसाला आयुष्यात काय काय निवडता येते? आईबाप नाही. उंची नाही. शेजारी नाही. साहेब तर नाहीच. पण ज्या चौकटीकडे तो दिवसाचा एक तृतीयांश भाग डोळे लावून बसतो, ती चौकट त्याला निवडता येते, फुकट येते, आणि तरी हा शहाणा म्हणतो, "जे आलंय ते ठीक आहे की." स्वतःच्या मेजावर काय असावे हे ज्याने कधी ठरवले नाही, त्याला राज्य कसे चालावे यावर मत विचारून काय उपयोग? हा विषय समाजाच्या उपयोगाचा नाही, तर मग कोणता आहे, मुख्याध्यापक? भाषण संपले.

कलम पाचवे. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातील मेजे, खुर्च्या, कपाट आणि चार संगणक. सगळा तंटा या कलमात आहे, म्हणून ते लांब होईल.

या खोल्यांत मी भाषांतराचे कार्यालय काढले. कॉलेजातली नोकरी सोडून काढले, कारण तेथे मला बोलायचा पगार मिळे पण बोलू देत नसत. यंत्रांची माहितीपत्रके, औषधांच्या डबीतल्या घडीच्या चिठ्ठ्या, करारनामे, कोर्टाचे कागद, जे येईल ते आम्ही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेले. माणसे येत गेली, जात गेली. आज माझ्याखेरीज दोघे आहेत. एक मुद्रितशोधक, ज्यांना मी पंधरा वर्षे झुंबर म्हणत आले आहे. दुसरी धाकटी, आमच्यातली शेवटी आलेली भाषांतरकार, जी आता दोन मुलांची आई आहे पण नाव चिकटले ते चिकटले.

येथे पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. नव्या माणसाला कोरा संगणक मिळतो. कोरा म्हणजे लिनक्स आहे, मेज नाही. काळ्या पाटीवर एक रेघ लुकलुकत असते, बस्स. पहिला आठवडा त्याने काम करायचे नाही. हवी ती मेजे मांडून पाहायची, मोडायची, पुन्हा मांडायची. शनिवारी चहाच्या वेळी त्याने खुर्चीवर उभे राहून सांगायचे की मी हे निवडले आणि का निवडले. बाकीच्यांनी खाली बसून टोमणे मारायचे. त्यानंतर त्याच्या मेजाला जगात कोणी हात लावायचा नाही. सल्ला द्यावा, शिव्या द्याव्यात, नाक मुरडावे. हात लावायचा नाही.

झुंबरांचे निवडीचे भाषण मला आजही आठवते, कारण इतके वाईट भाषण मी त्यानंतर ऐकले नाही. गृहस्थांनी केडीई निवडले, आणि त्यात जेवढे दिवे लावता येतील तेवढे लावले. खिडकी उघडली की ती थरथरत येते, बंद केली की विरघळते. प्रत्येक खिडकीला सावली. काट्यांचे घड्याळ, हवामान, मागे दर तासाला बदलणारा धबधबा. खुर्चीवरून हे म्हणाले, "मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघतो. थोडी गंमत नको का?"

मी खालून ओरडले, "गंमत पाहिजे तर सर्कशीत जा!"

ते म्हणाले, "तिथं पगार कमी आहे, बाई."

नाव त्याच दिवशी पडले. आणि त्यांनी माझ्या मेजाला नाव ठेवले, विहीर.

माझे मेज कसे आहे ते सांगते, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून झाला. मी आय-थ्री वापरते. उंदराला हात लावत नाही, सगळे कळांवर. एकही चित्र नाही, पट्टी नाही, घड्याळ नाही. संगणक सुरू केला की काळा पडदा. कळ दाबली की मूळ मजकूर डावीकडे उभा राहतो, दुसरी दाबली की माझे भाषांतर उजवीकडे, तिसरी दाबली की शब्दकोश खाली. कोणी कोणावर चढत नाही, कोणी कोणाला झाकत नाही. ज्या मेजावर एक कागद दुसऱ्यावर पडतो, तेथे भाषांतरकार खालच्या कागदातले वाक्य विसरतो. मी हे वाक्य विसरलेले लोक आयुष्यभर दुरुस्त केले आहेत. झुंबर म्हणतात, अहो, खिडकी बाजूला सरकवता येते. मी म्हणते, सरकवावी लागते हाच तर पराभव!

(वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात उद्गारचिन्ह नसते. माझ्या असेल.)

धाकटीबद्दलही लिहायला हवे. ती दर महिन्याला मेज बदलते. आज ग्नोम, उद्या एक्सएफसीई, परवा कोणीतरी परदेशी पोराने रविवारी बसून बनवलेले काहीतरी. मी तिला विचारले, "तुला काही मत आहे की नाही?" तर म्हणते, "आहे ना बाई. बदलत राहायचं, हेच मत आहे." या उत्तरावर मी तीन दिवस चिडले होते. उत्तर खोडून काढता आले नाही म्हणून.

आता मूळ गोष्ट. या वर्षी मी जिन्यावर पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाला विम्याची प्रत हवी होती. ती माझ्या कार्यालयातल्या संगणकात होती. मुलाला पासवर्ड मीच सांगितला, आणि नंतर मला आत नेले. मुलगा कार्यालयात गेला, संगणक सुरू केला, पासवर्ड घातला, आणि समोर काळा पडदा. त्याने वाट पाहिली. बंद करून पुन्हा सुरू केला. काळा पडदा. त्याने निष्कर्ष काढला, आईचा संगणक मेला. विम्याची प्रत त्याने दुसरीकडून मिळवली, तेथे तो हुशार आहे. पण मग त्याच्या मनात माया दाटून आली. आई घरी येईल, तिला नवा कोरा, सोपा, मोठ्या मोठ्या चित्रांचा संगणक तयार करून ठेवू. दुपारी तो दुरुस्तीवाल्याला घेऊन आला. सगळे पुसून नवे टाकायचे ठरले.

पुढचे मला धाकटीने रुग्णालयात येऊन सांगितले, तिघांचे आवाज काढून. नर्सने दोनदा गप्प केले तिला.

मुलगा म्हणाला, "काका, जरा उठता का? आईचा कॉम्प्युटर बंद पडलाय, हा माणूस बघणार आहे."

झुंबर स्वतःच्या जागेवरून उठले, माझ्या खुर्चीपर्यंत गेले, आणि तिच्यात बसले. म्हणाले, "बंद नाही. असाच असतो."

"असा म्हणजे? काहीच नाहीये त्यावर."

"हो. तिला काहीच नको असतं."

"मग सुरू करून दाखवा."

झुंबरांनी कळांकडे पाहिले. पंधरा वर्षे माझ्या मेजाशी भांडूनही त्यांना माझी एक कळ ठाऊक नव्हती. हात लावायचा नाही हा नियम. धाकटी धावली, तिला आय-थ्रीच्या नेहमीच्या सगळ्या कळा पाठ. तिने एकेक दाबून पाहिली. काही हलले नाही. मी त्या सगळ्या माझ्या बोटांच्या सोयीने बदलून ठेवल्या होत्या. पडदा काळा तो काळाच.

दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, डिस्क गेलेली असणार. असं बरंच येतं आमच्याकडे. अर्ध्या तासात चकाचक करून देतो."

मुलगा म्हणाला, "ऐका ना काका. तुम्हीच म्हणायचा ना, आईची विहीर म्हणून? तुम्हाला तरी हे आवडतं का?"

"मला? मला शिसारी येते. पण हे माझं मेज नाही. तुझंही नाही."

"आईला नवीन आवडेल."

"तिला शुद्धीवर येऊ दे. तिला विचार."

"आणि नाही आली तर?"

झुंबर म्हणाले, "नाही आली तरी हे तिनंच ठरवलेलं आहे, पोरा. यात काय आहे ते तुला कळत नाही. मलाही कळत नाही. म्हणून मी इथून उठणार नाही."

आणि उठले नाहीत. मुलाने हात जोडले, मग आवाज चढवला. दुरुस्तीवाला घड्याळ बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. झुंबर दिवे लावायच्या वेळेपर्यंत माझ्या खुर्चीत, माझ्या विहिरीसमोर बसून राहिले. त्यांच्या हातात पुरावा नव्हता. बाजू घेण्यासारखे त्यांना माझ्या पडद्यात काही दिसत नव्हते. मी आयुष्यभर व्यासपीठावरून स्वातंत्र्यावर बोलले. ज्याला दुसऱ्याची निवड पटते त्याने तिचे रक्षण करणे सोपे असते, हे मी कधी बोलले नव्हते. मला ते सुचलेच नव्हते.

मी बरी होऊन काठी टेकत परत आले. मुलाने काय करावे? पस्तावावे? छे. त्याने मला माझ्या मेजासमोर बसलेले पाहिले. मी काम सुरू करण्याआधी मूळ मजकूर मोठ्याने वाचते, काळ्या पडद्यासमोर बसूनच वाचते, कारण कान जे पकडतो ते डोळा सोडतो. त्याने घरी जाऊन सांगितले, "आई बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसते, बटणं दाबते आणि स्वतःशी बोलते." त्यातून पुढची पायरी आली. आई व्यवहार पाहू शकत नाही. त्यातून त्यापुढची. खाली सायकलवाल्याला गोदामासाठी वरच्या खोल्या हव्याच आहेत, देऊन टाकू. माझा मुलगा दुष्ट नाही. दुष्ट असता तर मी दोन ओळींत मोकळी झाले असते. तो सोयीचा भक्त आहे. त्याने फोन घेतला तसा वापरतो, गाडी घेतली तशी चालवतो, आई मिळाली तीही दुकानातून निघाली तशी राहायला हवी होती.

तर एका मंगळवारी तो डॉक्टरांना घेऊन कार्यालयात आला. सायकलवाला जिन्यात उभा. झुंबर आणि धाकटी आपापल्या जागी, मान खाली घालून, कान वर करून.

डॉक्टर मृदू होते. म्हणाले, "आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि आजी म्हणू नका, मी तुमच्या नात्यात नाही."

"बरं. समोर काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघा हं. घाई नाही."

"नीट बघूनच सांगते. काही नाही."

मुलगा म्हणाला, "बघा डॉक्टर, हे असं."

"मग बाई, तुम्ही बसलाय कशासमोर?"

"माझ्या निवडीसमोर," मी म्हटले, आणि कळा दाबल्या. डावीकडे मूळ मजकूर आला, उजवीकडे भाषांतर, खाली शब्दकोश. ओळ अर्धी होती तेथेच अर्धी उभी.

डॉक्टर पुढे वाकले. "हे होतं कुठे?"

"जिथं ठेवलं होतं तिथं."

"मग दिसत का नव्हतं?"

"नको होतं म्हणून. तुमच्या दवाखान्यात एक पेशंट आत असताना बाकीचे तुमच्या टेबलावर बसतात का?"

डॉक्टर मुलाकडे वळले. "अहो, हे बंद नाहीये."

तेव्हा माझा मुलगा जे म्हणाला ते मी या मृत्युपत्रात शब्दशः नोंदवते: "बंद नसेल हो. पण नॉर्मल माणूस असं ठेवतो का?"

इतका वेळ मी बसून होते. या वाक्यावर उभी राहिले, मोडलेल्या खुब्यानिशी. नॉर्मल! म्हणजे बंद पडलेले असते तर वेडी ठरले असते, आणि चालू निघाले तरी वेडीच, कारण इतरांसारखे चालू नाही. मी त्याला म्हटले, तुझे मेज कोणी मांडले? सांग. नाव सांग. त्याला सांगता येईना. मी म्हटले, तुला माहीत नसलेल्या माणसाने, तुला न विचारता, तुझे मेज मांडले, आणि तू ते आयुष्यभर जसेच्या तसे ठेवलेस. ते नॉर्मल. मी प्रत्येक कळ का कुठे आहे याचे कारण देऊ शकते, ते वेड. या दोघांपैकी शुद्धीवर कोण, हे डॉक्टरांनी आत्ता येथे लिहून द्यावे.

डॉक्टरांनी लिहून दिले. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यातला मजकूर: "वेळ, स्थळ व व्यक्ती यांचे भान उत्तम. स्मरण उत्तम. बोलणे सुसंगत, थांबवणे कठीण." शेवटच्या दोन शब्दांवर माझा आक्षेप होता, पण वकीलबाई म्हणतात कोर्टात तेच उपयोगी पडतील.

म्हणून या कलमाचा निवाडा असा. सदर दोन्ही खोल्या, त्यातील सर्व जंगम वस्तूंसह, माझ्या पश्चात झुंबर ऊर्फ मुद्रितशोधक आणि धाकटी यांच्या समान मालकीच्या व्हाव्यात. माझ्या मुलाचा तेथे कोणताही हक्क राहणार नाही. झुंबरांची निवड चुकीची आहे. मी मरताना हेच म्हणेन, आणि नंतर संधी मिळेलच असे नाही म्हणून आताच म्हणते. तो धबधबा असह्य आहे. तरीही खोल्या त्यांच्याच. आपल्याला न आवडणारे मेज ज्याने ठाण मांडून राखले, त्याच्या ताब्यात सगळ्यांची मेजे सुरक्षित आहेत. माझ्यासारख्या, स्वतःच्या निवडीवर प्रेम करणाऱ्याच्या ताब्यात ती असतील की नाही, सांगवत नाही.

अट एकच. या खोल्यांत कोणी, कधीही, कोणत्याही कारणाने, सर्वांसाठी एकच मेज ठरवले, सोयीसाठी, शिस्तीसाठी, किंवा काळजीपोटी, तर त्या दिवशी मालकी संपेल आणि खोल्या वाचनालयाकडे जातील. ते ठरवलेले एकच मेज माझे असले तरी. माझे असले तर आधी जातील.

कलम सहावे. माझा स्वतःचा संगणक.

मी गेल्यावर तो पुसावा. माझी भाषांतरे धाकटीकडे द्यावीत आणि बाकी सगळे, माझ्या कळा, माझी मांडणी, दोन हातांनी वर्षानुवर्षे घडवलेली ती सगळी फाइल, शिल्लक ठेवू नये. कोऱ्या पाटीवर लुकलुकणारी रेघ एवढेच उरावे. हे काम झुंबरांनी स्वतः करावे.

काल हा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. पाचव्या कलमावर ते चष्म्याची काच पुसत बसले. सहाव्यावर उठून उभे राहिले.

"हे मी करणार नाही, बाई."

"का? पंधरा वर्षं म्हणताय, विहीर बुजवा म्हणून."

"तेव्हा तुम्ही होता भांडायला."

मी थोडा वेळ कागद नीट लावले.

मग ते म्हणाले, "निदान एक प्रत ठेवू. कुठेतरी कपाटात. कुणाला त्रास नाही तिचा."

"होईल त्रास. नवीन माणूस येईल, त्या खुर्चीत बसेल, आणि कुणीतरी म्हणेल, बाईंचं असं होतं हं. झालं. त्याचा हात तिथंच अडखळला."

"माझ्यासाठी म्हणतोय मी."

"तुमच्यासाठीच नको म्हणते. तुम्ही त्याच्यावर हार घालाल. मला विहीर म्हणा, पण माझी समाधी करू नका."

"मी तुमच्या मुलाला पुसू दिलं नाही ते याच्यासाठी?"

"हो. त्याला पुसायचा अधिकार नव्हता. मला आहे."

ते चष्मा चढवून आपल्या धबधब्यासमोर जाऊन बसले. म्हणून हे लेखी. तोंडी सांगितलेले ते ऐकत नाहीत, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

कलम सातवे. मुलाने या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान द्यायचे ठरवल्यास त्याने खुशाल द्यावे. मात्र अर्ज स्वतः लिहावा, आणि त्याआधी एकदा आपल्या संगणकावरची एक तरी गोष्ट, मागचे चित्र का होईना, स्वतःच्या मनाने बदलून पाहावी. तेवढे त्याने केले, तर भांडायला समोर कोणीतरी उभे आहे असे मला वाटेल. मला तेवढे पुरे आहे. तो माझा मुलगा आहे, आणि कोणाशीही भांडायचे तर मला त्याच्याशीच आवडेल.

कलम आठवे. या सर्वाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी हा मसुदा तीनदा कापला आणि मी तीनदा परत जोडला. त्यांच्या चिकाटीबद्दल माझे फाउंटन पेन त्यांना. मात्र या दस्तात ते बक्षीस धरू नये, आत्ताच हातात देत आहे.

वरील सर्व मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, अनेकांच्या सांगण्याविरुद्ध लिहिले आहे. वाचून पाहिले, एक शब्द बदलला, आणि सही करत आहे.

ठिकाण: कार्यालय, वरचा मजला, माझीच खुर्ची.
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२६.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमक्ष सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व बोलत होत्या. (सही)

साक्षीदार २: खालच्या सायकलच्या दुकानाचा मालक. वरच्या खोल्या मला मिळणार नाहीत हे वाचून, समजून, तरी सही करतो. बाईंनी बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. (सही)

वकिलांची नोंद: लाभार्थ्याने साक्षीच्या वेळी हजर राहू नये म्हणून मुद्रितशोधकांना जिन्यात बसवले होते. सही होत असताना त्यांनी दाराबाहेरून मोठ्याने सांगितले की कलम सहावे त्यांना मान्य नाही. मृत्युपत्र करणारीने आतून उत्तर दिले, "माझी निवड तुम्हाला आवडायची गरज नाही, राखायची आहे."